बारशाच्या आत

पुढच्या रांगांमध्ये बसलेल्या आशाताई, अंगणवाडीताई आणि सिस्टर, पहिली पाळी संपवून एमआयडीसीतून थेट इथे आलेले कामगार बंधू, आणि कुपवाडकर माताभगिनींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, आरोग्यावर बोला. आरोग्य म्हटलं की मधुमेह आहे, रक्तदाब आहे, हृदयविकार आहे. त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणारेही. मी आज असा आजार घेऊन आले आहे, ज्याचं नाव इथल्या बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं नसेल. थायरॉइडची जन्मजात कमतरता.

हाच का निवडला? लहान मुलांची डॉक्टर म्हणून माझ्यासमोर असे कितीतरी आजार येतात, ज्यांच्यापुढे आम्ही हात टेकतो. काहींवर औषध नाही. काहींवर आहे, पण त्याची किंमत ऐकून बाप खुर्चीवरून उठतो. या आजारात तसं काहीच नाही. तपासणीला रक्ताचे चार थेंब पुरतात. औषध म्हणजे एक लहानशी गोळी, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारी, दिवसाला दोन-तीन रुपयांची. ती वेळेवर सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं, शाळेत जातं, शिकतं, कामाला लागतं, संसार करतं. वेळ टळली तर तेच मूल बुद्धीने आणि उंचीने मागे पडतं आणि जन्मभर दुसऱ्याच्या आधाराने जगतं. या दोन आयुष्यांमध्ये अंतर किती आहे? थोड्या आठवड्यांचं. ते आठवडे आपण का घालवतो, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आधी ही ग्रंथी काय करते ते पाहू. गळ्यात पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली थायरॉइड ग्रंथी असते. आपल्या जेवणातलं आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक तयार करते आणि ते रक्तात सोडते. शरीरातली प्रत्येक पेशी किती वेगाने काम करणार, हे त्यावर ठरतं. ते कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचा निरोप मोठ्या प्रमाणात पाठवू लागते: काम वाढव, काम वाढव. म्हणून रक्तात टीएसएच फार वाढलेलं दिसलं की समजायचं, थायरॉइड कमी पडते आहे.

सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची ती बारीक गोळी या सभागृहातल्या कितीतरी ताई घेत असतील. कुणाचं वजन वाढलं होतं, कुणाला थकवा होता, कुणाचे केस गळत होते. ती गोळी मध्येच महिनाभर राहून गेली तर त्रास होतो, पुन्हा सुरू केली की माणूस सावरतं. मोठ्या माणसाचं नुकसान भरून निघतं. नवजात बाळाचं तसं नाही. जन्मानंतर पहिल्या वर्षात बाळाच्या मेंदूचं वजन दुपटीहून जास्त होतं. मज्जातंतूंवर आवरण चढतं, पेशींचे एकमेकींशी धागे जुळतात, आणि हे सगळं थायरॉक्सिनच्या देखरेखीखाली चालतं. ते काम ज्या महिन्यात व्हायचं त्याच महिन्यात व्हावं लागतं. मेंदूला थायरॉक्सिनची अशी गरज साधारण तीन वर्षांपर्यंत असते, आणि त्यातही सुरुवातीचे आठवडे सगळ्यांत महत्त्वाचे. तेव्हा जे राहिलं ते पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी पुरतं येत नाही.

काही बाळांमध्ये ही ग्रंथी मुळात तयारच होत नाही. काहींमध्ये ती लहान राहते, किंवा गळ्यात खाली उतरायच्या ऐवजी जिभेच्या मुळाशी अडकून बसते. काहींमध्ये ग्रंथी जागेवर असते, आकारानेही ठीक असते, पण संप्रेरक बनवण्याच्या साखळीतली एखादी कडी नसते. आईने काही खाल्लं म्हणून हे होत नाही. ग्रहण पाहिलं म्हणून होत नाही. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगते आहे, कारण निदान झालं की घरातलं पहिलं बोट सुनेकडे जातं.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. हा आजार जन्मताना दिसत नाही. पोटात असताना आईचं थायरॉक्सिन नाळेतून बाळाला मिळत असतं, त्यावर त्याचं बरंचसं निभावतं. त्यामुळे शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक बाळांमध्ये जन्माच्या वेळी डॉक्टरांनाही काही वेगळं आढळत नाही. वजन बरोबर, रंग बरोबर, रडणं बरोबर. नाळ कापली की आईकडून येणारी शिदोरी बंद होते, आणि मग हळूहळू, दिवसादिवसाने, बाळ मंदावत जातं.

मंदावलेलं बाळ घरात कसं दिसतं? मी तुम्हाला आमच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं ऐकलेलं बोलणं सांगते. आज्जी कौतुकाने सांगत असते, "लेकरू लई गुणाचं हाय बघा. रातीचं उठत न्हाई, रडत न्हाई. घरात बारकं पोर हाय ह्ये शेजाऱ्यालाबी कळत न्हाई." आईही खूश असते. पहिलटकरीण, झोपेला आसुसलेली, तिला बाळ झोपतं याचं बरंच वाटणार. बाळ अंगावर प्यायला लागलं की मध्येच डोळा लागतो, तर म्हणायचं पोट भरलं असेल. तीन-तीन, चार-चार दिवस शी होत नाही, तर गुटी द्यायची. कावीळ दोन आठवडे उलटले तरी उतरत नाही, तर कोवळ्या उन्हात धरायचं. अंग गार लागतं, तर दुपट्यात गुंडाळायचं. बेंबी फुगून बाहेर आली, तर नाणं ठेवून बांधायचं. आवाज घोगरा, तर सर्दी झाली असेल.

लक्षात येतंय ना? एकेका लक्षणाला आपल्याकडे एकेक घरगुती उत्तर तयार आहे. आणि सगळ्यांत मोठ्या लक्षणाला, त्या सुस्तपणाला, आपल्याकडे शाबासकी आहे. दुसऱ्या आजारात बाळ रडतं, तापतं, ओकतं. घर जागं होतं. या आजारात घर निश्चिंत होतं. जीभ मोठी होऊन ओठांबाहेर यायला लागते, चेहरा सुजरा दिसतो, बाळ मान धरत नाही, बसत नाही, तेव्हा चार महिने, सहा महिने, कधी वर्ष गेलेलं असतं. तोपर्यंत कुणीतरी सांगत असतं, "त्याचा बापपण उशिरा चालायला लागला होता."

प्रत्येक शांत बाळ आजारी असतं असा अर्थ मात्र घेऊ नका. बहुतेक शांत बाळं नुसती शांतच असतात. पण शांत कोण आणि मंदावलेलं कोण, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. आईच्या नाही, आज्जीच्या नाही, आणि तीस वर्षं काम केलेल्या डॉक्टरांच्याही नाही. ते रक्तच सांगतं.

उशिराची किंमत किती, हे मोजलेलं आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग इथल्या डॉ. क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये अशा मुलांचा हिशोब मांडला. तपासणी सुरू होण्याआधीचा तो काळ. ज्यांचे उपचार तीन महिन्यांच्या आत सुरू झाले त्यांचा सरासरी बुद्ध्यांक 89 होता. तीन ते सहा महिन्यांत सुरू झाले त्यांचा 71. सहा महिन्यांनंतर ज्यांना गोळी मिळाली त्यांचा 54. शंभराच्या आसपास सर्वसाधारण धरतात. म्हणजे हाच आजार, हीच गोळी, आणि फरक निव्वळ तारखेचा. आज पहिल्या दोन आठवड्यांत योग्य मात्रेत गोळी सुरू झालेली मुलं आपल्या भावंडांच्या बरोबरीने शिकताना दिसतात.

दोन आठवडे म्हणजे आपल्या घरात काय असतं? पाचवी झालेली असते, बारसं झालेलं असतं. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं पुढचं आयुष्य लिहून जाते, असं आपल्या आज्ज्या सांगत आल्या. त्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी मांडून रात्र जागवणाऱ्या त्या बायकांना एवढं नक्की ठाऊक होतं, की जन्मानंतरचा पहिला आठवडा साधा नसतो. माझं सांगणं इतकंच, की त्या आठवड्यात बाळाच्या टाचेतले चार थेंबही कागदावर घ्या. आणि बारशाला बाळाचं नाव कानात सांगाल तेव्हा त्याचा टीएसएचचा आकडा घरात आलेला असू द्या.

हा कागद कुठून आला, त्याची गोष्ट थोडक्यात सांगते. औषध तसं जुनं आहे. 1891 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका आजारी बाईला उभं केलं. ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. 1914 च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं, आणि 1927 मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. म्हणजे औषध होतं, पण ते कुणाला द्यायचं हे वेळेवर कळत नव्हतं. ती वाट रॉबर्ट गथ्री यांनी दाखवली. त्यांच्या स्वतःच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व होतं आणि भाचीला फेनिलकीटोन्युरिया नावाचा दुसरा आजार. त्या वेदनेतून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बाळाच्या टाचेतलं रक्त जाडसर फिल्टर कागदावर घ्यायचं, वाळवायचं आणि टपालाने प्रयोगशाळेत पाठवायचं, अशी पद्धत रुजवली. वाळलेला थेंब! त्याला बर्फ नको, बाटली नको, गाडी नको. पुढे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ज्याँ द्युसो यांनी त्याच थेंबातून थायरॉइडचं संप्रेरक मोजून दाखवलं, आणि 1974 च्या सुमारास तिथे प्रत्येक बाळाची तपासणी सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत युरोप-अमेरिका-जपानमध्ये या आजाराने मागे पडलेलं मूल दिसणं जवळपास थांबलं.

आणि आपल्याकडे? आपणही उशिरा जागे झालो असं नाही. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई यांनी 1980 च्या दशकातच फिल्टर कागदावरच्या थेंबांतून हजारो बाळं तपासली होती. नंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे मिळून एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली. आकडा आला 1,130 बाळांमागे एक. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण दोन ते चार हजारांत एक असं सांगितलं जातं. म्हणजे हा आजार आपल्याकडे दुर्मीळ तर नाहीच, उलट जास्त आहे. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-वीस लाख बाळं जन्मतात. त्या प्रमाणाने हिशोब केला तर दर वर्षी दीड हजारांवर बाळं या राज्यात हा आजार घेऊन येतात. दिवसाला चार-पाच. आज सकाळपासून आत्तापर्यंत कुठेतरी दोन-तीन आलीही असतील.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो: डॉक्टर, आम्ही आयोडीनचं मीठ खातो, मग हे कसं? प्रश्न बरोबर आहे. आयोडीन कमी पडल्यानेही बाळाची थायरॉइड मंदावते. हिमालयाच्या पायथ्याशी गावंच्या गावं गलगंडाने भरलेली होती, डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात काम करून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड उतरतो हे दाखवलं, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ते मीठ गरोदर बाईने खाल्लंच पाहिजे, सोडू नये. पण ज्या बाळाला ग्रंथीच नाही, त्याला मीठ काय करणार?

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण आपल्या भागात ती बोललीच पाहिजे. मामाची मुलगी करून घेण्याची चाल आपल्याकडे आणि पलीकडे कर्नाटकात अजून आहे. ग्रंथी आहे पण संप्रेरक बनत नाही, हा जो प्रकार मी सांगितला, तो बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्याने होतो. नात्यातल्या लग्नात तशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. ज्यांची अशी लग्नं झाली आहेत त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. त्या घरात बाळ यायचं असेल तर तपासणी कुठल्याही परिस्थितीत चुकू नये, म्हणून सांगते.

आता तो थेंब कधी आणि कसा घ्यायचा, ते आपल्या सिस्टर मंडळींसाठी. बाळ जन्मलं की थंडीच्या धक्क्याने पहिल्या अर्ध्या तासात त्याचं टीएसएच एकदम वर चढतं आणि दोन-तीन दिवसांत खाली येतं. म्हणून पहिल्या दिवशी घेतलेला थेंब निरोगी बाळालाही आजारी दाखवू शकतो. योग्य वेळ जन्मानंतर 48 ते 72 तास. त्याआधीच सुट्टी द्यायची असेल तर दुसरा मार्ग आहे: जन्मतानाच नाळेतलं रक्त घेऊन ठेवायचं. बाळाला टोचायलाही लागत नाही. टाचेतून घेताना मधोमध टोचायचं नाही, कडेला टोचायचं. पहिला थेंब पुसायचा, कागदावरचं वर्तुळ एकाच थेंबाने भरू द्यायचं, कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचा. मे महिन्यात आपल्याकडे काय ऊन असतं ते मी सांगायला नको. खिडकीत ठेवलेला कागद वाया गेलाच समजा. आणखी एक. नाळेला, टाक्यांना बेटाडीन सढळ हाताने लावायची सवय सोडली पाहिजे. त्यातलं आयोडीन कातडीतून आत जातं आणि काही दिवस बाळाची थायरॉइड दाबून टाकतं. अपुऱ्या दिवसांची बाळं, जुळी आणि डाउन सिंड्रोम असलेली बाळं यांचा पहिला अहवाल चांगला आला तरी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. मिरजेसारखी आरोग्यपंढरी शेजारी असताना तर फारच सोपं. 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कर्नाटक-आंध्रापर्यंतचे रोगी इथे येतात. वैद्यकीय महाविद्यालय आहे, प्रयोगशाळा आहेत, तज्ज्ञ आहेत. मग अडतं कुठे?

अडतं ते अहवाल आल्यानंतर.

एक मुलगी समजा. तिचं माहेर कुपवाडला, सासर जत तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी. कागद भरला, थेंब घेतला, अर्जावर फोन नंबर लिहिला तो नवऱ्याचा, आणि नवरा कारखान्यात. तिथे आत जाताना मोबाइल गेटवर ठेवावा लागतो. सातव्या दिवशी अहवाल येतो: टीएसएच वाढलेलं आहे, बाळाला पुन्हा बोलवा. प्रयोगशाळा फोन करते, लागत नाही. दुसऱ्या दिवशी लागतो, तर नवरा म्हणतो, बाळ सासुरवाडीला आहे, सांगतो. तो सांगतो. आजी म्हणते, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि बाळ तर चांगलं शांत झोपतंय, त्याला काय झालंय? सव्वा महिना होतो. मग बाळ-बाळंतीण सासरी जातात, ओटीत नारळ घालून, वाजत गाजत. अहवाल कुपवाडला राहतो आणि बाळ जतला पोहोचतं.

यात दुष्ट कोण आहे? कुणीच नाही. प्रत्येकाने आपल्या परीने बाळाची काळजीच घेतली. तरीही वेळ निघून गेली. एमआयडीसीत काम करणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांचं तर आणखी अवघड; खोली बदलते, सिमकार्ड बदलतं, बाळंतीण गावी निघून जाते. म्हणून मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगते, की थेंब घेणं हे निम्म्याहून कमी काम आहे. त्या बाळाला पंधरा दिवसांच्या आत शोधून काढणं, हे खरं काम. ते कुणाचं आहे हे ठरलेलं नसेल तर ते कुणीच करत नाही.

ते कुणी करावं? माझ्या डोळ्यांसमोर या पुढच्या रांगा आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांमध्ये साध्या गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. त्याच कामातून पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ताई, तुमच्या या तारखा पुन्हा ऐका. सातव्या दिवशी अहवाल यायला हवा असतो, चौदाव्या दिवसाच्या आत गोळी सुरू व्हायला हवी असते. या आजाराचं वेळापत्रक आणि तुमचं वेळापत्रक एकच आहे. तुम्ही वजन बघता, ताप बघता, नाळ बघता. त्यात एक प्रश्न वाढवा: "टाचेचा अहवाल आला का?" आणि कार्डावर दोन फोन लिहा, सासरचाही आणि माहेरचाही. आजीचा नंबर मिळाला तर तिसरा. सव्वा महिन्याचा नियम आडवा आला तर आजीशी भांडू नका. बाळ झाकून, रिक्षाने, तासाभरात परत आणता येतं, एवढं समजावलं की आज्ज्या ऐकतात, हा माझा अनुभव आहे. आणि हेही सांगा, की पुन्हा बोलावलं म्हणजे आजार आहेच असं नाही. पुन्हा बोलावलेल्या बाळांपैकी पुष्कळांचं दुसरं रक्त चांगलं येतं.

दुसरं रक्त शिरेतून घेतात. त्यातही दोष आढळला, किंवा पहिल्याच थेंबात टीएसएच चाळीसच्या वर असलं, तर दुसऱ्या अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी गोळी सुरू करायची. लेव्होथायरॉक्सिन, बाळाच्या वजनाच्या किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम. मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. द्यायची कशी? गोळी स्वच्छ चमच्यात चुरायची, आईच्या दुधाचे किंवा पाण्याचे काही थेंब घालायचे आणि लगेच पाजायची. आठवड्याभराचं औषध एकदम कालवून ठेवायचं नाही, दुधाच्या बाटलीत टाकायचं नाही. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध चालू असेल तर ते काही तासांच्या अंतराने. रोज एकाच वेळी. आणि अंगावरचं दूध बिनधास्त चालू ठेवायचं.

इथे दोन भीती आडव्या येतात. एक, एवढ्याशा जिवाला हार्मोनची गोळी? ताई, ते बाळाच्या शरीराने स्वतः करायचं होतं तेच आहे, जसंच्या तसं. दुसरी भीती नाही, ती खात्री असते, आणि तीच जास्त धोक्याची: बाळ आता चांगलं खेळतंय, हसतंय, मग गोळी कशाला? गोळीमुळे खेळतंय म्हणून! पहिल्या वर्षात दर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून मात्रा वाढवावी लागते, कारण बाळ वाढतं. तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत ती एक दिवसही आपल्या मनाने बंद करायची नाही. तीन वर्षांनंतर डॉक्टर काही आठवडे थांबवून पाहतात. काहींचा आजार तात्पुरता निघतो, बाकीच्यांना जन्मभर घ्यावी लागते. जन्मभर घेऊन काय बिघडतं? या सभागृहातल्या किती ताई घेतात आणि घर-नोकरी दोन्ही सांभाळतात!

सरकारचं काय, असं तुम्ही विचाराल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत सुरू झाला तोच आपल्या राज्यात, पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले तीस आजार त्याच्या यादीत आहेत आणि थायरॉइडची जन्मजात कमतरता त्यात आहे. पण ती राज्यांनी आपापल्या इच्छेने घ्यायची आहे. प्रत्येक बाळाची तपासणी झालीच पाहिजे असा कायदा देशात अजून नाही. आपल्या शेजारी गोव्याने 2008 मध्ये सरकारी खर्चाने तपासणीला हात घातला. केरळने सरकारी रुग्णालयांत ती मोफत केली. फिलिपिन्स हा काही श्रीमंत देश नव्हे, समुद्रात विखुरलेली हजारो बेटं. त्यांनी 2004 मध्ये कायदा केला आणि खर्च सरकारी विम्यात घातला. बेटाबेटांवरून कागद गोळा होतात, आणि कुपवाडहून मिरजेला जाणार नाहीत?

महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार शंभरातली जवळजवळ पंच्याण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. प्रत्येक बाळ एकदा तरी आपल्या हातात येतं. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-बची लस दिल्याशिवाय आपण कुणाला घरी सोडत नाही. त्याच ट्रेमध्ये हा कागद ठेवायचा आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड 1998 मध्ये एका महानगरपालिकेखाली आली. या तीन शहरांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची एक नोंदवही असावी, सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांची मिळून. तिच्यात चार रकाने: थेंब घेतला ती तारीख, अहवाल आला ती तारीख, आकडा, आणि आई-बापाला सांगितलं ती तारीख. एक सिस्टर, एक टेबल, एक फोन. रोज संध्याकाळी तिने रिकामे रकाने पाहायचे. माझी महापालिकेच्या कारभाऱ्यांकडे, या शहरांतल्या डॉक्टरांच्या संघटनांकडे आणि इथल्या कारखानदारांकडे हीच मागणी आहे. कारखानदारांकडे आणखी एक: बाळंतपणानंतरच्या महिन्यात कामगाराला दवाखान्याचा फोन आला तर तो गेटवरून आत पोहोचवा.

शेवटी, ज्यांची वेळ टळून गेली आहे त्या मुलांबद्दल बोलते, कारण इथे अशा मुलांचे आई-बाप बसलेले असू शकतात. तुमचं मूल दोन वर्षांचं असो, दहा वर्षांचं असो; उंची खुंटलेली आहे, बद्धकोष्ठ आहे, सुस्त असतं, शिकत नाही, आणि कधी थायरॉइड तपासलेलं नाही, तर या आठवड्यात तपासून घ्या. गोळीला वयाची अट नाही. अंगावरची सूज उतरते, उंची वाढायला लागते, मूल तरतरीत होतं, शिकवलेलं काही प्रमाणात घेऊ लागतं. गेलेली बुद्धी सगळी परत येत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण जे येतं ते थोडं नसतं. सोबत ऐकण्याची तपासणी करून घ्या, या मुलांमध्ये कानाचा दोष जास्त आढळतो. बोलण्याचे आणि हालचालीचे उपचार बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत मिळतात. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाकडून तिथली चिठ्ठी घ्या. आणि त्याच घरात पुढचं बाळ यायचं असेल तर गरोदरपणाच्या कार्डावर आजच लाल पेनाने लिहून ठेवा, की या बाळाचं रक्त जन्मतानाच नाळेतून घ्यायचं आहे.